खेळाडू घडतो कसा? : पालवणकर बाळू यांच्या चरित्रावरून काही विचार

गेल्या हिवाळ्यातील एका रविवारी सकाळी आम्ही एका स्नेह्यांसह जोगेश्वरीची लेणी पाहून परतत होतो. लेण्यांपासून थोड्याच अंतरावर एका मोकळ्या जागेत मुले क्रिकेट खेळत होती. त्यांत दहा-बारा वर्षांचा एक किरकोळ अंगाचा मुलगा डाव्या हाताने चेंडू टाकीत होता. रबरी चेंडू, खडबडीत जमीन, यष्टींच्या जागी रचलेल्या विटा. पण टप्पा पडताच चेंडू असा काही वळे की त्याच्याहून थोराड मुले बॅट फिरवून फसत होती. आमचे स्नेही घटकाभर उभे राहिले आणि म्हणाले, "हे शिकवून येत नाही, हे अंगातच असावे लागते." इतक्यात कोणी गृहस्थ आले. त्या जागेवर मोटारी उभ्या करावयाच्या होत्या. मुलांनी विटा बाजूस केल्या आणि ती निघून गेली.

स्नेह्यांचे ते वाक्य घरी येईपर्यंत आमच्या मनात घोळत राहिले. आपल्याकडे हा समज फार जुना आहे. गवई असो, मल्ल असो की खेळाडू असो, त्याच्या थोरवीचे कारण कोणी विचारले की आपण 'दैवी देणगी' एवढे म्हणून मोकळे होतो. हे उत्तर खोटे आहे असे नव्हे. पण ते अपुरे आहे, आणि शिवाय ते फार सोयीचे आहे. गुण जर देवानेच द्यावयाचा, तर तो फुलला काय आणि सुकला काय, त्याची जबाबदारी आपल्यावर येत नाही. नुकतीच पाहिलेली लेणी वेगळेच काही सांगत होती. कातळ निसर्गाने दिला खरा. परंतु सहाव्या शतकात माणसांनी तो छिन्नी-हातोडीने खोदला, आणि त्यांना तो खोदता यावा म्हणून कोणीतरी त्यांच्या पोटाची सोय केली असली पाहिजे. कातळ, छिन्नी आणि आश्रय या तिहींवाचून लेणे होत नाही. खेळाडूचेही असेच काही असेल काय?

या प्रश्नाचा विचार करावयास आपल्या क्रीडेतिहासात पालवणकर बाळू यांच्या चरित्राइतके उद्बोधक उदाहरण क्वचितच सापडेल. आजच्या तरुण वाचकांपैकी अनेकांनी हे नाव ऐकलेही नसेल. आणि तरीही हिंदुस्थानातील पहिला थोर गोलंदाज कोण, असे विचारले असता जाणकार त्यांचेच नाव घेतात.

बाळूंचा जन्म १८७६ साली धारवाडास झाला. घराणे मूळचे कोकणातील पालवण गावचे, म्हणून आडनाव पालवणकर. जात चांभार, म्हणजे त्या काळच्या रूढीप्रमाणे अस्पृश्य. वडील लष्करी खात्यात चाकरीस असल्याने मुलांचे बालपण पुण्याच्या छावणीच्या आसपास गेले. गोऱ्या अधिकाऱ्यांनी टाकून दिलेले सामान घेऊन बाळू आणि त्यांचे धाकटे बंधू शिवराम हे क्रिकेट शिकले. पुढे शिवराम, गणपत आणि विठ्ठल हे तिघेही नामांकित खेळाडू झाले. एका घरातून चार खेळाडू निघाले हे पाहून रक्तगुणाचा पुरस्कर्ता साहजिकच हर्षित होईल. पण त्या चौघांना एकच रक्त लाभले होते तशीच एकच छावणीही लाभली होती, आणि धाकट्या तिघांना तर वडील भावाने मळलेली वाटही लाभली होती. हेच घराणे जर कोकणातील गावीच राहिले असते, तर त्या चौघांच्या अंगी काय होते हे त्यांना स्वतःलाही कधी कळले नसते.

बाळूंची पहिली नोकरी पुण्यातील एका पारशी क्लबात लागली. मैदान झाडावयाचे, खेळपट्टीवर रूळ फिरवावयाचा. पगार दरमहा ३ रुपये. १८९२ च्या सुमारास ते युरोपियनांच्या पूना क्लबात गेले. तेथे पगार ४ रुपये आणि कामे अधिक: खेळपट्टी तयार करणे, सरावासाठी जाळ्या उभारणे, टेनिसच्या रेघा आखणे. क्वचित फुरसतीत ते साहेब लोकांना चेंडू टाकीत. त्यांचा डावा हात किती अचूक चालतो हे एका साहेबाच्या ध्यानी आले, आणि मग जाळीत गोलंदाजी करणे हेच त्यांचे मुख्य काम होऊन बसले.

त्या क्लबाचा अध्वर्यू फलंदाज जे. जी. ग्रेग हा होता. पुढे इंग्लंडात हॅम्पशायर परगण्याकडून खेळलेला हा गृहस्थ सरावाचा मोठा भोक्ता होता. इतरांच्या आधी तो मैदानावर येई आणि बाळूंकडून तास तास गोलंदाजी करवून घेई. आपल्याला बाद केल्यास दर वेळी आठ आणे बक्षीस, असा त्याचा करार होता, ही कथा पुण्यात पुष्कळ वर्षे सांगितली जात असे. कथा खरी असो वा नसो, तीत एक मर्म आहे. इलाख्यातील अत्युत्तम फलंदाजांपैकी एक समोर उभा, रोज तोच, प्रत्येक चेंडूचा निकाल तत्काळ डोळ्यांसमोर, चुकल्यास शिक्षा नाही, साधल्यास लाभ आहे. गोलंदाजाची याहून चांगली शाळा कोणती असणार? ग्रेगने सराव केला तो आपल्यासाठी. पण त्याच्या नकळत तो दुसऱ्यालाही घडवीत होता. मात्र याच शाळेत बाळूंच्या हाती कोणी सरावासाठीही बॅट दिली नाही. फलंदाजी हे मालकांचे काम आणि गोलंदाजी हे चाकराचे, अशी ती वाटणी होती. एकाच माणसाच्या अंगच्या दोन गुणांपैकी एकाला पाणी मिळाले आणि दुसरा कोरडा राहिला. याचे कारण देवाच्या देणगीत शोधणे व्यर्थ होय.

आणखी एक गोष्ट आमच्या मते विचारात घेण्याजोगी आहे. बाळू ज्या खेळपट्टीवर गोलंदाजी करीत ती त्यांनी स्वतः तयार केलेली असे. ती झाडणारा, भिजवणारा, तिच्यावर रूळ ओढणारा मनुष्य मातीची ओल हाताने जाणतो. कोठे ऊन आधी लागते, कोठे भेग पडते, दुपारनंतर चेंडू कोणत्या जागी वळेल, हे त्याला पुस्तकावाचून कळते. बाळूंची गोलंदाजी संथ असे. चेंडू ते दोन्ही बाजूंस वळवीत, हवेत त्याचा वेग आणि उंची बदलीत, आणि दिवसभर टाकूनही त्यांचा टप्पा ढळत नसे. अशा गोलंदाजाला मातीचे ज्ञान हे अर्धे शस्त्रच होय. ज्या चाकरीला हलके मानीत, तीच त्यांची विद्या झाली असावी, हा आमचा तर्क वाचकांस अगदीच निराधार वाटणार नाही.

येथे अर्वाचीन मानसशास्त्राचा दाखला देणे अप्रस्तुत होणार नाही. १९९३ साली अँडर्स एरिक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बर्लिनमधील व्हायोलिनवादक विद्यार्थ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. उत्तम आणि सामान्य वादकांतील भेद मुख्यतः विशिष्ट प्रकारच्या सरावाने पडतो असे त्यांचे म्हणणे होते. विशिष्ट म्हणजे ज्यात ध्येय नेमके असते, चूक लगेच कळते, आणि आज साधते त्याहून किंचित अवघड असे काही रोज समोर असते. पूना क्लबाच्या जाळीचे वर्णन याहून निराळे ते काय? तथापि २०१४ साली अनेक अभ्यासांचे एकत्र गणित मांडणाऱ्या संशोधकांना असे आढळले की, खेळांमध्ये माणसामाणसांच्या कर्तबगारीत जो फरक दिसतो त्यांपैकी सुमारे १८ टक्केच अशा सरावाने उलगडतो. म्हणजे नुसती देणगीही पुरत नाही आणि नुसते तासही पुरत नाहीत. उरलेल्यात शरीराची ठेवण आहे, मनाची धारणा आहे, आणि आणखी एक असे काही आहे की जे खेळाडूच्या देहाबाहेर, इतरांच्या हाती असते. बाळूंच्या चरित्राचा पुढील भाग या बाहेरच्या गोष्टीचा आहे.

पुण्याच्या हिंदू क्लबास युरोपियनांना हरवण्याची मोठी ईर्षा होती. त्यासाठी लागणारा गोलंदाज गावातच, प्रतिपक्षाच्या जाळीत चेंडू टाकीत होता. त्याला घ्यावे की नाही यावर क्लबात वाद झाला. अखेर जिंकण्याची इच्छा सोवळ्यापेक्षा बलवत्तर ठरली आणि बाळू संघात आले. पण अर्धेच आले. मैदानावर त्यांच्या हातचा चेंडू सर्वांच्या हातांतून फिरे. खेळ थांबला की ते पॅव्हिलियनच्या बाहेर आणि इतर आत. चहा त्यांना बाहेरच, फेकून देण्याच्या मातीच्या भांड्यातून मिळे. जेवणाचे ताट निराळे, जागा निराळी. चेंडूला विटाळ होत नसे, पेल्याला मात्र होई. हा तर्क आज आपणांस हास्यास्पद वाटतो, पण तो करणारी माणसे त्या काळची सुशिक्षित माणसे होती हे विसरता कामा नये.

पहिल्या प्रतीच्या खेळाडूस मनाचा ताबा हवा असे आपण नेहमी म्हणतो, आणि त्याचा अर्थ बहुधा एवढाच घेतो की शेवटच्या षटकात हात कापू नये. बाहेर बसून मातीच्या भांड्यातून चहा प्यालेल्या माणसाने पाव घटकेने पुन्हा मैदानात यावे आणि त्याच माणसांच्या विजयासाठी तोच अचूक टप्पा टाकावा, यास कोणत्या जातीचा ताबा लागत असेल? हा ताबा कोणत्याही जाळीत शिकवला जात नाही.

पुण्यात प्लेगने हाहाकार उडाला त्या काळात बाळू मुंबईस आले. परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्याची स्थापना १८९४ साली झाली होती. तेथेही त्यांना घेण्यास प्रथम काहींचा विरोध झाला. परंतु ते घेतले गेले, आणि १९०६ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या जिमखान्यावर हिंदू आणि युरोपियन यांचा तो प्रसिद्ध सामना झाला. हिंदूंनी २४२ आणि १६० धावा केल्या. युरोपियनांचे डाव १९१ आणि १०२ धावांत आटोपले. १०९ धावांच्या या विजयात बाळूंच्या गोलंदाजीचा वाटा फार मोठा होता, आणि शिवरामही त्या संघात होते. स्वदेशीच्या त्या दिवसांत या विजयाने मुंबईत केवढा आनंद झाला असेल याची कल्पना करता येईल. मुंबईच्या 'इंडियन सोशल रिफॉर्मर' पत्राने मात्र आनंदाबरोबर विचारही केला: चर्मकार बंधूंना हिंदू जिमखान्यात मिळालेला प्रवेश हा सामाजिक सुधारणेचा टप्पा आहे असे त्याने दाखवून दिले. विजय गुणाचा होता, पण गुणाला मैदान मिळाले तेव्हाचा होता.

१९११ साली पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंह यांच्या नेतृत्वाखाली सर्व हिंदुस्थानचा म्हणता येईल असा पहिला संघ इंग्लंडास गेला. संघाची कामगिरी बेताचीच झाली. प्रथम श्रेणीच्या १४ सामन्यांपैकी २ जिंकले आणि १० हरले. पण बाळूंनी त्या दौऱ्यात एकंदर ११४ गडी बाद केले, आणि तेही सरासरी १९ धावांच्या आत. त्या वेळी त्यांचे वय पस्तीस होते. परकी हवा, परकी माती, तक्रार करणारा खांदा, आणि एका टोकाने दिवस दिवस गोलंदाजी. त्यांच्या प्रथम श्रेणीच्या ३३ सामन्यांतील १७९ बळींची सरासरी अवघी १५ धावांची आहे. आकड्यांत त्यांची उत्तम वर्षे धरलेली नाहीत, कारण ती पुण्याच्या जाळीत चार रुपये पगारावर गेली.

इतक्या योग्यतेचा खेळाडू संघाचा कर्णधार का झाला नाही? गोलंदाजीत देणगी मान्य झाली. नेतृत्वात ती मान्य व्हावयास जात आडवी आली. चेंडू टाकणे हे हाताचे काम, आणि आज्ञा देणे हे मानाचे. पहिले देता आले, दुसरे देता येईना. १९१३ साली कर्णधार झालेले एम. डी. पै यांनी तर सत्कारप्रसंगी उघड सांगितले की हा मान बाळूंना मिळावयास हवा होता. १९२० साली चौरंगी सामन्यांच्या वेळी या प्रश्नावर धाकट्या बंधूंनी संघातून अंग काढून घेतले आणि आपली बाजू जाहीरपणे मांडली. अखेर बाळूंना उपकर्णधार करण्यात आले, आणि पै मैदानाबाहेर गेले तेवढा वेळ नेतृत्व त्यांच्याकडे आले. ते तेव्हा चव्वेचाळीस वर्षांचे होते. पूर्ण मान घरी आला तो १९२३ साली, विठ्ठल कर्णधार झाले तेव्हा. आणि त्या वर्षी हिंदूंनी चौरंगी सामने जिंकले. विठ्ठल यांचे 'माझे क्रीडा-जीवन' हे आत्मवृत्त १९४८ साली प्रसिद्ध झाले. बाळू पुढे सार्वजनिक कार्यात पडले. १९३२ च्या पुणे करारावर त्यांची सही आहे. १९३७ च्या निवडणुकीत ते काँग्रेसतर्फे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या विरुद्ध उभे राहिले आणि पराभूत झाले. १९५५ साली त्यांचे निधन झाले.

येथे एक आक्षेप घेतला जातो, तो टाळून पुढे जाणे योग्य नव्हे. कित्येक म्हणतात, "कष्टांनी आणि अपमानांनीच बाळू घडले, सगळे सुखासुखी मिळाले असते तर असा गोलंदाज झाला नसता." हा विचार ऐकावयास गोड आहे, पण तो एकाच माणसाकडे पाहून केलेला आहे. त्या काळी पुण्या-मुंबईच्या मैदानांवर रूळ ओढणारे हात एकट्या बाळूंचे नव्हते. त्यांपैकी किती जणांना ग्रेग भेटला? कितींच्या गावात जिंकण्याची हाव सोवळ्याहून मोठी झाली? भिंत ओलांडून एक मनुष्य आत आला म्हणून भिंतीचे उपकार मानावयाचे नसतात. बाहेर राहिलेल्यांची नोंद धावफलकावर होत नाही, म्हणून ते नव्हतेच असे आपण समजतो.

हीच गोष्ट उलट बाजूने दाखवणारे उदाहरण कुस्तीच्या आखाड्यात सापडते. कऱ्हाडजवळील गोळेश्वरचे खाशाबा जाधव हे १९२६ साली मल्लाच्याच घरी जन्मले. म्हणजे देणगी, तालीम आणि लाल माती ही तिन्ही घरची. १९४८ साली कोल्हापूरच्या महाराजांच्या साह्याने ते लंडनच्या ऑलिंपिकला गेले. मातीत वाढलेल्या या मल्लाला तेथे गादीवर, परक्या नियमांनी लढावयाचे होते; तेथेच रीस गार्डनर या अमेरिकन वस्तादाने त्यांना ती रीत शिकवली, आणि ते सहावे आले. १९५२ साली हेलसिंकीस जावयाचे तर पैसा हवा होता. खाशाबा घरोघर, गावोगाव फिरले. लोकांनी यथाशक्ति दिले. आणि कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डीकर यांनी आपले राहते घर गहाण टाकून ७ हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणले, स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. परतल्यावर बैलगाड्यांची भली मोठी मिरवणूक निघाली. ती मिरवणूक जितकी त्यांच्या पटांची होती तितकीच त्या गहाणखताचीही होती.

आणि तरीही तेथेसुद्धा काही उणे पडले. एक दमवणारी कुस्ती संपताच त्यांना लगेच दुसऱ्या कुस्तीस उभे केले गेले, आणि नियमाची विश्रांती मागून घेण्यास आपल्या बाजूचा कोणी अधिकारी तेथे हजर नव्हता, असे सांगितले जाते. देशाला दुसरे वैयक्तिक पदक मिळावयास १९९६ साल उजाडले. मधल्या ४४ वर्षांत या देशाच्या मातीतील देणगी आटली होती असे कोणीही म्हणणार नाही. खर्डीकरांची घरे मात्र थोडी होती.

तेव्हा खेळाडू घडतो कसा, या प्रश्नाचे उत्तर इतिहासाकडून मिळते ते असे. देणगी लागते, डाव्या हाताची ती जादू सर्वांनाच नसते. श्रम लागतात, आणि तेही बरोबरीच्या किंवा वरचढ प्रतिस्पर्ध्यासमोर, दिवसेंदिवस केलेले. अपमानाने न ढळणारे मन लागते. पण या तिन्हींच्या जोडीस एक चौथी गोष्ट लागते, आणि ती खेळाडूच्या अंगी असूच शकत नाही. ती म्हणजे मैदान मोकळे ठेवणारा, दार उघडणारा, वेळ आली तर पदरचे घालणारा दुसरा कोणी. पहिल्या तिन्हींचे श्रेय खेळाडूचे. चौथीचे श्रेय किंवा दोष आपणा सर्वांचा.

आमच्या स्नेह्यांना आम्ही हे सारे पुढच्या भेटीत सांगितले. ते जुन्या मताचे असले तरी प्रांजळ आहेत. थोडा वेळ गप्प राहून त्यांनी एवढेच विचारले, "मग तो मुलगा आता कोठे खेळत असेल?" आम्ही त्यानंतर दोन रविवार त्या बाजूने मुद्दाम गेलो. जागेवर मोटारी ओळीने उभ्या होत्या. भिंतीच्या कडेला त्या विटा तशाच पडल्या होत्या.